माझ्या हातची चूक

३ नोव्हेंबर

धाकटे,

फोन करू नकोस. केलास तरी मी घेणार नाही, आणि ह्यांनी घेऊन माझ्या कानाला लावला तर मी मुकी होईन. फोनवर मला दोनच गोष्टी जमतात, रडणं आणि भांडणं. पत्राचं तसं नाही. राग आला की पेन ठेवावं, चार भांडी घासून यावं आणि उरलेला राग मग लिहावा.

जाताना तू काय बोललीस ते तुझ्या लक्षात नसेल तर मी सांगते, मला पाठ आहे. तू लेकाकडे राहायला निघालेली, त्याची गाडी खाली उभी, तुझा एक पाय जिन्यावर, आणि म्हणालीस, “ताई, आता पुरे करा. हात शाबूत आहे, नजर गेली.” मी वर कठडा धरून उभी. उत्तर सुचेपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती. ते उत्तर आज पाठवते आहे.

पण आधी तू काय केलंस ते एकदा माझ्या शब्दांत वाच. तुला माहीत आहेच, तरी आपण केलेलं दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं की वेगळं लागतं.

या घरात दोघी जावा म्हणून आलो, आणि इतकी वर्षं एका खिडकीत समोरासमोर बसून एकच शाल विणत राहिलो. तू एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. जाळीतली पानं दोन्ही खांद्यांवरून खाली लोंबायला हवीत. एका खांद्यावर पानं सरळ आणि दुसऱ्यावर शीर्षासन करून, असं चालत नाही. म्हणून प्रत्येकीची अर्धी वेगळी, आणि शेवटी मध्यावर सुईने अशी जोडायची की जोड कुठे आहे ते आपल्यालाही सापडू नये. जोडायचं काम तुझं, तुझी बोटं बारीक. धुऊन चौकटीवर ताणायचं काम माझं, माझ्या दंडात जोर. माझी वीण घट्ट, तुझी सैल. ताणल्यावर आपल्या शाली विकायला घेणाऱ्या दुकानवालीलाही फरक कळत नाही. बोटाला कळतो.

मागची शाल चौकटीवर लावताना मी माझ्या अर्धीवरून हात फिरवला आणि वीण माझी नव्हती. दोन्ही अर्ध्या सैल. दोन्ही तुझ्या. मी बहिणीच्या आजारपणाला गेले होते तेवढ्या दिवसांत तू माझी अर्धी पहिल्या टाक्यापर्यंत उसवलीस, त्याच लोकरीने पुन्हा विणलीस, जोडून टाकलीस आणि मी घरात पाऊल टाकलं तेव्हा विचारलंस, “ताई, चहा टाकू?”

तर माझं उत्तर असं. मी एक अख्खी शाल एकटी विणणार आहे. दोन्ही अर्ध्या माझ्या, जोड माझा, ताणणंही माझं. पुरी झाली की तुझ्याकडे पाठवीन. तू खिडकीशी धर, दिव्यासमोर धर, सुनेला बघायला सांग. एक चूक सापडली तर सुया तुझ्या स्वाधीन करीन आणि उरलेलं आयुष्य वाटाणे सोलत बसेन. नाही सापडली तर तू परत यायचं, आपल्या खुर्चीत बसायचं आणि माझ्या अर्धीला पुन्हा कधी हात लावायचा नाही.

अक्षर मोठं दिसेल. ह्यांनी आणलेलं पेन फार जाड आहे.

मोठी

२१ नोव्हेंबर

धाकटे,

दिवा मिळाला. खोकं उपडं करून आत चिठ्ठी शोधली, नव्हती. दिव्याला हे भलंमोठं भिंग. त्याखाली माझं बोट धरलं आणि दचकलेच, म्हटलं ही कुठली म्हातारी घरात शिरली. मला त्याची गरज नाही. हे त्याच्याखाली बसून मिशी कातरतात, तेव्हा अगदीच वाया गेला असं समजू नकोस.

लोकर आणली. लोकरवालीने विचारलं, दोघींची देऊ का एकीची. म्हटलं, दोघींची दे आणि एकीला दे. मग तिने नेहमीची केसासारखी बारीक लोकर काढायच्या ऐवजी जाड लोकर पुढे सरकवली. म्हणे, ही घ्या मावशी, हाताला भरभर येते. मी म्हटलं, मला भरभर काही नको आहे, मला आयुष्यात घाई फक्त एकदा झाली होती आणि तो मुलगा आता टक्कल पडून परदेशात बसलाय. ती हसली खरी, पण जुनी लोकर काढताना माझ्याकडे बघत राहिली. तू तिला काही बोलली होतीस का? नसशील. बोलायचं तर तू माझ्याशीच बोलली असतीस, नाही का.

पहिली अर्धी सुरू झाली. काठाची दातेरी कातर झाली, पानांच्या पहिल्या रांगेत आहे.

विणताना सारखी ती फाटकी शाल आठवते. भंगारवाल्याच्या ढिगातून तू ओढून काढलीस, पाव फुटाच्या भोकासकट. आपल्याला कोण शिकवणार होतं? दोघींना मिळून एक मोजा धड येत नव्हता. ती शाल आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली आणि एकेक ओळ उसवत गेलो. तू हळूहळू धागा ओढायचीस आणि मी बघायची, सुटताना टाका कसा सुटतो, कुठून आला होता, कुणाच्या पोटात शिरला होता. इथे धागा सुईवर नुसता घेतलाय, म्हणून भोक पडलं. इथे दोनाचा एक केलाय, म्हणून रेघ झुकली. शाल संपली तेव्हा आपल्याकडे लोकरीचा एक गोळा होता आणि शाल कशी होते ते कळलं होतं. उसवणं हेच आपलं शिक्षण, धाकटे. म्हणून तू उसवलंस याचा मला राग नाही, हे तुला कळायला हवं. राग कशाचा आहे ते अजून मला नीट मांडता येत नाही. मांडीन.

बाकी ठीक. काल चहा ओट्यावर सांडला. हे कप जिथे ठेवायचा तिथे ठेवत नाहीत. चांगलं खडसावलं त्यांना. ते फडकं घेऊन पुसत राहिले. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, शंभर तोंडांना उत्तर देणारा, त्याने असं गप्प राहावं हे मला काही बरं वाटलं नाही.

मोठी

९ डिसेंबर

धाकटे,

पहिली अर्धी मध्यापर्यंत आली. तुझी पैज धोक्यात आहे.

ह्यांच्या हट्टापायी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. म्हटलं, एकदाचं यांचं समाधान होऊ दे. बाई तरुण, आमच्या मुलापेक्षा लहान, पण स्वभावाने गरीब. डोळ्यात थेंब घातले, हनुवटी एका लोखंडी वाटीत ठेवायला लावली, आणि मग चौकटीचौकटींचा एक कागद पुढे धरला. शाळेतल्या गणिताच्या वहीसारखा. मधल्या ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, ही जाळी विणणाऱ्याचं मधे लक्ष उडालंय, रेघा वाकल्यात आणि एके ठिकाणी तर टाकेच गळलेत. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी कागद बाजूला ठेवला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि ह्यांच्याकडे बघितलं.

काय म्हणाल्या, ते वयाचं नेहमीचंच. थेंब दिलेत.

घरी आले ती तडक खुर्चीत बसले आणि अंधार पडेपर्यंत विणलं. हे मधेच म्हणाले, जरा पड थोडा वेळ. मी म्हटलं, पडलेली माणसं काय कमी आहेत, जरा बसलेलं एक तरी बघा. भराभर ओळी झाल्या. एरवी प्रत्येक पानाच्या शेवटी मी थांबते, तुला माहीत आहे माझी सवय. त्या दिवशी थांबले नाही.

तुझ्या लेकाचा फोन आला होता. तो ह्यांच्याशी बोलला, मी भाजी चिरत होते. पण कान काही भाजीत नव्हते. काकूंना सांगा म्हणाला, आई इथे आल्यापासून सुया हातात घेत नाही. लोकर पिशवीत तशीच पडून आहे. नातवाला स्वेटर कर म्हटलं तर सून बाजारातून आणेल म्हणते.

हे काय नवीन खूळ? तुझी नजर तर शाबूत आहे ना?

मोठी

६ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण आल्या. खरं सांगायचं तर ते मी वाचलं नाही, ह्यांनी वाचून दाखवलं. आधी एकदा नेहमीच्या आवाजात. मी म्हटलं, हे काय बसथांबे पुकारल्यासारखं वाचताय, तेव्हा दुसऱ्यांदा हळू वाचलं.

तू लिहितेस, माझ्या अर्धीत पानं सरकली होती, भोकं भलतीकडे पडली होती, आणि एकदोन नव्हे, ओळीमागून ओळी. तू लिहितेस, “दुकानवालीने उलगडून बघितली असती तर ती तुम्हाला बोलली असती, ताई. ते मला ऐकवलं नसतं.” आणि शेवटी, “तुमची वीण उसवल्यापासून माझा हात चालत नाही.”

तुला खरं लिहायला इतके दिवस लागले. मला त्याहून जास्त लागले, तेव्हा आता माझंही ऐक.

डॉक्टरीणबाईंचा कागद सरळ होता. ह्यांनी पाहिलाय, घरी येऊन मला सांगितलं, सगळ्या रेघा सुतासारख्या सरळ होत्या. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. जिकडे बघावं तिथेच नेमकं धुकं बसतं, कडेकडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे पाहिलं तर मला तुझे कान दिसतील. सुई टोचून औषध देतात डोळ्यात, दोनदा देऊन झालं. वाटतं तितकं वाईट नाही, त्याआधीचं वाट बघत बसणं वाईट. त्याने आहे ते राखलं जाईल, गेलेलं येणार नाही. पेन जाड नाही, अक्षर मीच मोठं काढते, कारण बारीक काढलं की एका ओळीवर दुसरी ओळ चढते. आणि कप हे जागच्या जागीच ठेवत होते.

म्हणजे तू खरं बोललीस. नजर गेली. तेवढं तुला देऊन टाकते.

पण ‘पुरे करा’ हे मी घेणार नाही. आता सांगते मी काय करते. पहिली अर्धी अर्ध्यावर आली तोवर माझ्या लक्षात आलं की डोळे मला मदत करत नाहीत, नुसते लुडबुड करतात. दिसतंय असं वाटतं म्हणून मी बघायला जाते, आणि बघितलं की चुकतं. म्हणून मी खुर्ची फिरवली. आता खिडकीकडे पाठ करून बसते. प्रत्येक पानाच्या हद्दीला सुईवर दोऱ्याचा एक फासा अडकवते, बोट तिथे अडलं की कळतं पान संपलं. पान संपलं की अंगठा फिरवून भोकं चाचपते. एक सुती दोरा त्या ओळीतून आडवा ओवून ठेवते, म्हणजे पुढे चुकलंच तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, त्याखालचं सुरक्षित. दुसऱ्या अर्धीची कातर आणि पानांच्या दोन रांगा अशाच झाल्या. दोनदा उसवलं. दोन्ही वेळा चूक माझ्या बोटांनीच पकडली.

हे म्हणतात, तू आता विणताना गाणं म्हणतेस. मला माहीतही नव्हतं.

आता राग कशाचा ते मांडते. दुकानवाली मला बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिला दोन शब्द परतही दिले असते, तू मला ओळखतेस. पण तू समोर बसून माझं बघत होतीस, महिनोन्‌महिने, आणि काही बोलली नाहीस. मी विणत होते आणि तू मनातल्या मनात माझं उसवत होतीस. ते मला लागलं.

आता सुया हातात घे. नातवाला बाजारचा स्वेटर घालशील तर मी त्याच्याशीही बोलणार नाही.

मोठी

२८ जानेवारी

धाकटे,

जोड झाला. बसली असशील तर नीट बस, उभी असशील तर बस.

हा जोड मला कधीच येत नव्हता, नजर असतानाही. तू करताना मी पाहिलेलं, पण तुझी बोटं इतकी चट्‌चट् फिरायची की पाहून काही कळायचं नाही, आणि विचारायला मी मोठी ना. दोन्ही अर्ध्या समोरासमोर, सगळे टाके उघडे, आणि मधली ओळ सुईने अशी ओवायची की ती विणल्यासारखीच दिसावी. डोळे मिटून हे कसं जमायचं? दोन दिवस नुसती दोन्ही अर्ध्या मांडीवर घेऊन बसले. हे म्हणाले, धाकटीला बोलाव जोडायला, तेवढ्यात काही जात नाही. मी म्हटलं, पैज तिच्याशीच लावलीय आणि तिलाच बोलावू? तुम्ही तिकीट काढून मग बसमागे धावता का?

मग सुचलं. दोन्ही अर्ध्यांच्या शेवटच्या पांढऱ्या ओळीपुढे काळ्या सुती दोऱ्याने दोन ओळी विणल्या. पांढऱ्यावर काळं मला मान तिरकी करून कडेच्या नजरेने दिसतं, आणि दिसलं नाही तरी सूत लोकरीपेक्षा बोटाला गुळगुळीत लागतं. मग मोठ्या सुईत पांढरी लोकर ओवून त्या काळ्या दोऱ्याच्या मागेमागे निघाले. तो वर गेला की वर, तो टाक्याच्या पोटात शिरला की आपणही शिरायचं. कुठे जायचं हे विचारायची गरजच नाही, पुढचा माणूस वाट दाखवतोय. सुईत लोकर ओवायला ह्यांना बसवलं होतं. चष्मा नाकावर, तुझ्या त्या दिव्याखाली, लोकरीचं टोक तोंडात धरून भिजवतायत आणि जीभ दातात धरून नेम धरतायत. म्हणाले, चालत्या बसमध्ये सुट्टे मोजले, पण हे अवघड आहे बाई.

शेवटी काळा दोरा उपसून काढायचा. कुठे एक टाका जरी चुकून बाहेर राहिला असेल, तर दोरा निघाला की तो टाका सुटणार, आणि सुटला की खाली पळत सुटणार. ह्यांना म्हटलं, तुम्ही ओढा, मी जोडावर बोटं ठेवते. ते म्हणाले, मी नाही ओढणार, शेवटी माझ्या नावावर येईल. मग मीच ओढला. इंच इंच. डाव्या हाताची बोटं मागोमाग फिरवत. दोरा निघत गेला आणि टाके आपापल्या जागी बसून राहिले. एकसुद्धा हलला नाही.

मी जोडावरून दहा वेळा हात फिरवला असेल. सापडला नाही.

आज रात्री काही नाही, झोपणार. उद्या शाल भिजत घालते.

तुझ्या लेकाने सांगितलं, लोकरीची पिशवी कपाटातून बाहेर आलीय. सुया नाही आल्या अजून, नुसती पिशवी. असू दे. पिशवीपासून तर पिशवीपासून.

मोठी

११ फेब्रुवारी

धाकटे,

या पत्राबरोबर शाल आहे. आधी पत्र वाच, शाल उलगडू नकोस.

भिजवलेली शाल म्हणजे पावसात सापडलेलं मांजर, तुला सांगायला नको. सगळी अंग चोरून, लोळागोळा होऊन पडते, आणि इतके दिवस हिच्यासाठी जीव टाकला का असं वाटतं. टॉवेलात गुंडाळून दाबली, चौकट भिंतीला लावून उभी केली आणि काठाच्या प्रत्येक टोकातून दोरा ओवून चौकटीला अडकवत गेले. एरवी समोरच्या बाजूला तू असायचीस. यावेळी हे उभे राहिले. मी ओढा म्हटलं की सोडायचे, आणि सोडा म्हटलं की विचारायचे, किती. पण जमलं. हळूहळू एकेक भोक डोळे उघडायला लागलं. मला ते दिसत नाही, पण शाल ताणली जाताना दोऱ्यातून हाताला कळतं. आधी दोरा मऊ येतो, मग हलका थरथरतो, मग तार होते.

डाव्या काठाला एका ठिकाणी दोरा येईना. बाकी सगळीकडे तार झाली होती आणि तिथे तो अडून बसला होता. ह्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “अगं, इथे कुणीतरी तिची कंबर आवळून धरल्यासारखी दिसतेय.”

मी हात लावला. ओळींचा एक पट्टा, चार बोटं रुंदीचा, इतका घट्ट की दोन अर्ध्यांत दुसरं काही तसं नव्हतं. आणि त्या पट्ट्यात, पानाच्या डाव्या कुशीत, जिथे भोक हवं तिथे भरीव. मी धागा सुईवर घ्यायचा विसरले होते आणि पुढच्या टाक्यात काहीतरी करून तो हिशोब भरून काढला होता. हात चोरासारखा वागला होता. कोणत्या संध्याकाळच्या ओळी आहेत हे मला लगेच कळलं. डॉक्टरीणबाईंकडून येऊन मी थेट खुर्चीत बसले होते, त्याच.

हे म्हणाले, “उसव. अजून कुणी पाहिलेलं नाही.”

मी म्हटलं, जोड उसवावा लागेल, मग ती अर्धी मध्यापर्यंत उसवावी लागेल.

“मग उसव आणि परत वीण. मी लोकर ओवून देतो. मी कुठे चाललोय?”

इतकी वर्षं संसार केला, पण ह्या माणसाने याहून गोड काही बोललेलं मला आठवत नाही. मी कात्री घेतली. चौकटीचा पहिला दोरा बोटात धरला. कापणारच होते, आणि तिथेच थांबले.

मी काय करत होते, धाकटे? मोठीच्या हातून चूक झाली, आणि कुणाला दिसायच्या आत, कुणी काही बोलायच्या आत ती मुळापासून उसवून टाकायला निघाले होते. अगदी तुझ्यासारखं. तुझा हात त्या दिवशी कसा चालला असेल ते मला त्या एका क्षणात कळलं. त्यात तुला माझी लाज वाटत नव्हती. तू माझ्यासाठी घाबरली होतीस.

हे मला कळलं, आणि म्हणूनच मी कात्री ठेवली. शाल सुकू दिली. सुकल्यावर दोरे कापले, उचलली, तर हातात वजनच नाही. ह्यांनी खिडकीशी धरली आणि इकडून तिकडे फिरवली. मग म्हणाले, पलीकडच्या घराचा जिना दिसतो हिच्यातून. मी म्हटलं, जिना कसला बघताय, पानं बघा.

तर पैजेचं असं आहे. मी हरले. तुझी शोधायची मेहनत अर्धी वाचवते, एक चूक आहे, कुठे ते सांगत नाही. पण सुया मी तुझ्या स्वाधीन करणार नाही. शब्द फिरवला म्हण, रडी खेळते म्हण, लेकाला सुनेला बोलावून सांग. मी सुया ठेवणार नाही. या डोळ्यांनी मी पुढेही चुकणार, कदाचित प्रत्येक शालीत. घट्ट विणायचा दिवस घट्ट विणीन. दुकानवाली घेणार नाही म्हणाली तर घरातली खुर्ची, पलंग, हे, सगळ्यांना शाली पांघरीन.

ही शाल तू वापर. ताणून ठेवू नकोस, ट्रंकेत घालू नकोस, अंगावर घे आणि बाजारात जा.

नव्या शालीचे टाके काल घातले. एवढी मोठी बडबड केली खरी, पण अख्खी एकटीने विणायला मला आवडलं नाही. समोर कुणी नसलं की सुया फार वाजतात. म्हणून मी फक्त माझी अर्धी घातलीय. दुसऱ्या अर्धीची लोकर मोजून तुझ्या खुर्चीवर ठेवलीय. खिडकीकडे पाठ करून बसायचं मी सोडणार नाही, म्हणजे तू आलीस तर उजेड सगळा तुझ्या तोंडावर येईल, त्याची तक्रार करायची नाही.

आणि एक. माझ्या अर्धीकडे बघत जा. मुद्दाम बघत जा, मला चालेल. पान सरकलं, भोक बुजलं, काही दिसलं की तिथल्या तिथे मोठ्याने सांग, हे घरात असले तरी, दुकानवाली समोर असली तरी. मी शिव्या देईन, तू ऐकून घे. मग कुठल्या ओळीत आहे ते माझं बोट धरून दाखव, आणि तुझा हात काढून घे. उसवीन मी.

मोठी